गूळकाटा लटकला तेव्हा: लोड होणाऱ्या कर्नल मॉड्यूलला जेटॅगनं पकडायचं कसं

दिवाळीच्या आसपास इकडं गुऱ्हाळं पेटली की काट्याला दम नसतो, गुळाचा रवा साच्यातनं निघाला की लगेच काट्यावर, वजन पाटीवर, पुढचा रवा. अशाच एका गुऱ्हाळासाठी मी काटा बनवत होतो. बीगलबोन ब्लॅक बोर्ड (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर), खाली चार लोडसेल (वजनाचे सेन्सर), मध्ये एचएक्स७११ ही एडीसी चिप, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारी, आणि चिप वाचायला स्वतः लिहिलेलं कर्नल मॉड्यूल, म्हणजे चालू लिनक्स कर्नलमध्ये घालता-काढता येणारा कोडचा तुकडा, नाव गूळकाटा. एचएक्स७११ चा ड्रायव्हर कर्नलमध्ये आयआयओच्या (सेन्सर आणि एडीसीच्या ड्रायव्हरांचा विभाग) खाली आधीपासून आहे हे मला माहीत होतं, पण मला इंटरप्टवर (हार्डवेअरनं प्रोसेसरला मारलेली हाक) चालणारं, स्वतःच्या पद्धतीनं सरासरी काढणारं पाहिजे होतं म्हणून वेगळं लिहिलं. इनस्मॉड (मॉड्यूल लोड करायची कमांड) केलं, लोड झालं, काही तक्रार नाही. मग वाचन चालू करायची फाइल मी सिसएफएसमध्ये (कर्नलशी बोलायच्या फाइलींची /सिस ही जागा) ठेवली होती तिच्यात १ लिहिला आणि बोर्ड गप्प. पिंग बंद, सिरियल कन्सोलवर एंटर मारा नाहीतर काही मारा, कर्सर तिथंच. प्रिंटके (कर्नलनं छापायचे संदेश) टाकून बघितले तर तेही बाहेर येईनात, कारण बाहेर पाठवणाऱ्यालाच वेळ मिळत नव्हता.

अशा वेळी जेटॅग लागतो, म्हणजे बोर्डाच्या खास पिनांतनं प्रोसेसरला बाहेरून थांबवायची आणि आत बघायची सोय. केजीडीबी, म्हणजे कर्नलच्या आतलाच डिबगर, हा पर्याय आहे, तो २००८ सालापासून कर्नलमध्येच आहे, पण त्याला कर्नल थोडं तरी शुद्धीवर लागतं, इंटरप्ट बंद करून कुणी आत फिरत बसला असेल तर केजीडीबीची हाक आतपर्यंत पोचत नाही. जेटॅगला कर्नलची परवानगी लागत नाही, तो थेट प्रोसेसरच्या डिबग युनिटला सांगतो की थांब, आणि प्रोसेसर आहे त्या सूचनेवर थांबतो. खाली मी हे सगळं कसं केलं ते लिहितोय. कमांडी देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात करा.

आधी जोडणी. बीगलबोन ब्लॅकवर जेटॅगची २० पिनांची जागा आहे पण कनेक्टर बसवलेला नसतो, नुसते पॅड असतात, तेही १.२७ मिलिमीटर अंतरावर. आपल्या नेहमीच्या २.५४ च्या हेडरपेक्षा निम्मं. माझा हात एवढ्या बारीक कामाला स्थिर नाही म्हणून उद्यमनगरात एक मामा आहेत, सीएनसीच्या ड्राइव्ह कार्डांची दुरुस्ती करतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला, म्हटले "लई बारीक हाय रे भावा हे, पर हुतंय की." आधी पॅडवर फ्लक्स, मग कोपऱ्यातल्या दोन पिना टाचून घेतल्या, हेडर सरळ बसलाय का ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मगच बाकीच्या पिना, एकेका पिनेला टोक लावलं की लगेच काढलं. शेवटी मल्टिमीटरनं शेजारच्या दोन-दोन पिना तपासल्या, कुठं शॉर्ट नाही ना. ही तपासणी तुम्ही पण कराच, कारण जेटॅग लागत नाही म्हणून लोक दोन दिवस कॉन्फिग फाइल चिवडत बसतात आणि निघतो शेवटी सोल्डरचा एक केस.

ॲडॉप्टर कुठला घ्यायचा यावर जास्त डोकं लावू नका, एफटी२२३२एच चिपवाला साधा चालतो. टीसीके, टीएमएस, टीडीआय, टीडीओ, टीआरएसटी, ग्राउंड आणि बोर्डाचा ३.३ व्होल्टचा रेफरन्स एवढ्या तारा. तार वीतभर ठेवा, लांब नको. आणि एक जोडीला सांगतो, एचएक्स७११ ला ५ व्होल्ट दिले तर तिची डेटाची पिन पण ५ व्होल्टच बाहेर टाकते आणि बीगलबोनच्या पिना ३.३ च्या आहेत, बोर्ड जाईल. चिप २.७ पासून पुढं चालते, ३.३ च द्या.

सिरियल कन्सोल वेगळा जोडून ठेवा, बोर्डावर ६ पिनांचा हेडर त्यासाठीच आहे, ११५२०० वर. एसएसएचवर विसंबू नका, प्रोसेसर पाच मिनिटं थांबवून ठेवला की एसएसएच तुटतोच.

लॅपटॉपवर ओपनओसीडी, ही ॲडॉप्टरमार्फत प्रोसेसरशी बोलणारी सिस्टिम. बीगलबोन ब्लॅकची कॉन्फिग तिच्या बोर्ड फोल्डरात तयार असते, ॲडॉप्टरची वेगळी असते, दोन्ही देऊन चालू करायची, वेग सुरुवातीला १००० किलोहर्ट्झच ठेवा, नंतर वाढवा. ती ३३३३ पोर्टवर जीडीबीची (हा डिबगर) वाट बघते आणि ४४४४ वर टेलनेटची. मग जीडीबी-मल्टिआर्च उघडून त्याला व्हीएमलिनक्स ही फाइल द्या. झेडइमेज (बूट करायची दाबलेली फाइल) नव्हे, व्हीएमलिनक्स, म्हणजे बिल्ड फोल्डरात सगळ्यात वर पडलेली ती मोठी फाइल, आणि कर्नल डिबग इन्फो चालू ठेवून बिल्ड केलेला पाहिजे. टार्गेट रिमोट करून जोडला की पहिलं काम म्हणजे लिनक्स_बॅनर हे व्हेरिएबल प्रिंट करा. त्यात कर्नलची आवृत्ती आणि बिल्डची तारीख-वेळ निघते, ती बोर्डावरच्या युनेम-व्ही शी जुळते का बघा. जुळत नसेल तर तिथंच थांबा, कारण फाइल एक आणि बोर्डावर चाललेला कर्नल दुसरा असेल तर पुढं जे काही दिसेल ते सगळं खोटं.

बूटच्या ओळीत काही गोष्टी घालून ठेवाव्या लागतात. नोएचएलटी घाला, म्हणजे रिकामा प्रोसेसर झोपणार नाही, झोपलेल्या कोअरला जेटॅग लागत नाही किंवा लागून सुटतो. आरसीयू स्टॉलची (प्रोसेसर बराच वेळ अडकलाय अशी) ओरड बंद करणारा पॅरामीटर घाला, नाहीतर तुम्ही थांबवून परत सोडला की कन्सोलवर पानंच्या पानं येतात. हार्डवेअर वॉचडॉग (वेळेत हाक आली नाही तर बोर्ड रीसेट करणारा) कोण चालवत असेल तर तो आधी बंद करा, कारण तुम्ही प्रोसेसर थांबवला तरी वॉचडॉगचा टायमर चालूच राहतो आणि मिनिटभरात बोर्ड रीसेट, तुम्ही रजिस्टर वाचताय तोवर सगळं गायब. ६४ बिटच्या बोर्डावर काम करत असाल तर नोकेएएसएलआर (दर बूटला कर्नलचा पत्ता बदलू न देणारा) पण घाला, आमच्या ३२ बिट आर्म कर्नलला त्याची गरज पडत नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

व्हीएमलिनक्सला पत्ते कायमचे आहेत. लिंक करतानाच ठरलं की कुठलं फंक्शन कुठं, आणि जीडीबी फाइल वाचून ते सांगतो. मॉड्यूलचं तसं नाही. मॉड्यूल म्हणजे जोतिबाच्या यात्रेत येणारं दुकानाचं पाल, जागा मोकळी दिसेल तिथं ठोकायचं आणि यात्रा उठली की उठायचं, पुढच्या वर्षी तीच जागा मिळंल असं काही नाही. केओ फाइलमध्ये, म्हणजे बिल्ड झालेल्या मॉड्यूलच्या फाइलीत, सगळे सेक्शन (कोड, डेटा असे तुकडे) शून्यापासून मांडलेले असतात, इनस्मॉड केल्यावर कर्नल मॉड्यूलसाठी जागा घेतो, सेक्शन तिथं मांडतो, रिलोकेशन करतो म्हणजे कॉलच्या सूचनांमध्ये खरे पत्ते भरतो आणि मग इनिट फंक्शनला हाक मारतो. ३२ बिट आर्मवर ही जागा साधारण कर्नलच्या लगेच खाली असते, पत्ता बीएफ नं सुरू होतो, कारण आर्मची ब्रँच सूचना ३२ मेगाबाइटच्या पुढं उडी मारू शकत नाही, म्हणून मॉड्यूल कर्नलच्या जवळच ठेवावी लागतात. हे लक्षात ठेवलं की प्रोसेसर थांबवल्यावर पीसी (चालू सूचनेचा पत्ता धरणारं रजिस्टर) नुसता बघून कळतं. सी० नं सुरू होतोय, मूळ कर्नलमध्ये आहे, बीएफ नं सुरू होतोय, कुठल्यातरी मॉड्यूलमध्ये आहे.

माझा बोर्ड लटकल्यावर मी हॉल्ट दिला आणि पीसी आला बीएफ००८१५सी. म्हणजे मॉड्यूलमध्येच. पण जीडीबी नाव सांगेना, नुसती दोन प्रश्नचिन्हं, कारण त्याला गूळकाटा कुठं उतरलाय ते माहीतच नाही. ते आपण सांगायचं असतं.

पत्ता बोर्डावरच मिळतो. मॉड्यूल लोड झालं की /सिस/मॉड्यूल/गूळकाटा/सेक्शन्स या फोल्डरात प्रत्येक सेक्शनची एक फाइल असते आणि फाइलीत त्याचा पत्ता. बहुतेक नावं टिंबानं सुरू होतात म्हणून साध्या एलएसला फोल्डर जवळजवळ रिकामा दिसतो, एलएस -ए करा. वाचायला रूट पाहिजे. प्रोक-मॉड्यूल्समध्ये पण शेवटी पत्ता असतो, साध्या युजरला तिथं शून्यं दिसतात, रूटनं बघा, पण तिथं एकच पत्ता मिळतो, सेक्शनवार मिळत नाही, आणि सेक्शनवारच पाहिजे.

बोर्ड लटकल्यावर हे वाचता येणार नाही हे उघड आहे. म्हणून मी सांगेन की मॉड्यूलच्या इनिटमध्ये हार्डवेअर चालूच करू नका, नुसती नोंदणी करा आणि चालू करायला वेगळी फाइल ठेवा. मग इनस्मॉड आणि गडबड यांच्या मधे तुम्हाला निवांत वेळ मिळतो, पत्ते कागदावर उतरवून घ्या आणि मग १ लिहा. मी तसंच केलं, बोर्ड रीसेट केला, परत इनस्मॉड, पत्ते वाचले, आणि जीडीबीत दिलं:

ॲड-सिंबॉल-फाइल गूळकाटा.केओ ०एक्सबीएफ००८०००

आणि नाव आलं. काटा_आयआरक्यू हे फंक्शन, ओळीचा नंबर पण आला, डेटा पिन खाली यायची वाट बघणारं व्हाइल लूप. मला वाटलं संपलं, चिप तयारच होत नाहीये, वायर सुटली असणार. मॉड्यूलमध्ये मी रीड_काउंट नावाचा एक मोजणी करणारा आकडा ठेवला होता, प्रत्येक पूर्ण वाचनाला एकानं वाढणारा. तो प्रिंट केला तर भलताच मोठा आकडा, सोडून परत थांबवला तरी तोच. म्हणजे वाचन होतच नाही असा अर्थ मी काढला. दुपारभर वायरी बदलल्या, दुसरी एचएक्स७११ लावली, लोडसेल बदलला, काही फरक नाही.

संध्याकाळी तो आकडा हेक्समध्ये बघितला तेव्हा ट्यूब पेटली. तो ई नं सुरू होत होता. ३२ बिट आर्मच्या बिनशर्त सूचना जवळजवळ सगळ्या ई नं सुरू होतात. म्हणजे जीडीबी मला मोजणीचा आकडा दाखवतच नव्हता, मॉड्यूलच्या कोडमधली एक सूचना उचलून आकडा म्हणून दाखवत होता. कारण मी त्याला फक्त डॉट टेक्स्टचा, म्हणजे कोडच्या सेक्शनचा, पत्ता दिला होता. रीड_काउंट राहतो डॉट बीएसएस मध्ये (शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हेरिएबलांचा सेक्शन), त्याचा पत्ता दिलाच नव्हता, आणि जीडीबी अशा वेळी तक्रार करत नाही, आपला कुठलातरी पत्ता धरून मोकळा होतो. मग नीट दिलं:

ॲड-सिंबॉल-फाइल गूळकाटा.केओ ०एक्सबीएफ००८००० -एस .डेटा ०एक्सबीएफ००ए००० -एस .बीएसएस ०एक्सबीएफ००ए२४०

आणि आता आकडा ४१२. सोडला, जरा थांबलो, परत हॉल्ट, ४३७. म्हणजे वाचन चालू होतं! बोर्ड मेलेला, कन्सोल मेलेला, आणि आत काटा व्यवस्थित वजन वाचत बसलेला. सगळी दुपार मी ज्या दिशेला गेलो ती दिशाच चुकीची होती आणि कारण काय तर एक पत्ता दिला नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, डॉट टेक्स्ट देऊन थांबू नका, डॉट डेटा, डॉट बीएसएस, डॉट आरओडेटा, सगळे द्या. एकही पत्ता दिला नाही तर जीडीबी प्रश्नचिन्ह दाखवतो आणि आपण सावध असतो, अर्धे दिले तर तो ठामपणे चुकीचं सांगतो आणि आपण विश्वास ठेवतो.

पुढची गाठ मग अर्ध्या तासात सुटली. जीपीआयओचा (बोर्डाच्या साध्या इनपुट-आउटपुट पिनांचा) इंटरप्ट डेटा पिन वरून खाली आली की येतो. माझा हँडलर, म्हणजे इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन, काय करायचा, पिन खाली आहे का बघायचा, नसेल तर खाली येईपर्यंत तिथंच फिरायचा, मग २४ बिट वाचायचा आणि २५ वा पल्स द्यायचा. पहिल्यांदा ठीक. पण बिट वाचताना तीच डेटा पिन वर-खाली होते, प्रत्येक वेळी खाली आली की जीपीआयओच्या स्टेटसमध्ये नवा इंटरप्ट नोंदला जातो. हँडलर संपला की कर्नलचा जीपीआयओ हँडलर बघतो, अजून एक पेंडिंग आहे, लगेच परत बोलावतो. आता २५ व्या पल्सनं पिन वर गेलेली आहे, म्हणून माझा हँडलर इंटरप्ट बंद ठेवून पुढचं सँपल यायची वाट बघत फिरत बसतो, १० सँपल प्रति सेकंद म्हणजे जवळजवळ १०० मिलिसेकंद. सँपल आलं, म्हणजे पिन खाली आली, म्हणजे परत एक नवा इंटरप्ट नोंदला. वाचला, संपला, पेंडिंग आहे, परत. यातनं बाहेर पडायला वाटच नाही आणि बाकीच्या कर्नलला श्वास घ्यायला जागा नाही. उपाय एका ओळीचा निघाला, व्हाइल काढून इफ केला, पिन वर असेल तर तसाच परत फिर, वाट बघू नको. जादाची एक फेरी होते सँपलमागं, त्यात हँडलर लगेच परततो, बोर्ड मोकळा.

हे शोधताना ब्रेकपॉइंट (ठरलेल्या सूचनेवर प्रोसेसर थांबवणाऱ्या खुणा) लावायचे तर हार्डवेअरचेच लावा, एचब्रेक. साधा ब्रेक कमांडचा सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणजे मेमरीतली सूचना काढून तिथं दुसरी ठेवणं, आणि आजकाल मॉड्यूलचा कोड मेमरीत रीड-ओन्ली ठेवतात त्यामुळं लिहिताना अडचण येते. त्याहून वाईट पुढं आहे. सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट लावला, मग आरएममॉड (मॉड्यूल काढायची कमांड) केलं, ती जागा मोकळी झाली, तिथं दुसरं मॉड्यूल येऊन बसलं आणि आता तुम्ही ब्रेकपॉइंट काढला, तर जीडीबी जुनी सूचना त्या जागेवर परत लिहून ठेवतो, दुसऱ्याच मॉड्यूलच्या पोटात. मग जे काही होतं ते शोधायला आठवडा जातो. ओपनओसीडीला जीडीबी_ब्रेकपॉइंट_ओव्हरराइड हार्ड असं सांगून ठेवता येतं, मग चुकून साधा ब्रेक टाइप केला तरी तो हार्डवेअरचाच लागतो. मी ती ओळ कॉन्फिगमध्ये कायमची घालून ठेवलीय. फक्त मोजकेच मिळतात हे धरून चला, बीगलबोनच्या कॉर्टेक्स-ए८ मध्ये ६ ब्रेकपॉइंट आणि २ वॉचपॉइंट. सहा पुरतात, खरंच पुरतात, सातवा लागायला लागला की समजा आपल्याला नेमकं काय शोधायचंय तेच अजून ठरलं नाही.

आणि ब्रेकपॉइंट कुठं लावता तेही बघा, समोरच्या हार्डवेअरला प्रोसेसर थांबलेला कळत नाही. एचएक्स७११ ची क्लॉक पिन ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वर राहिली की चिप पॉवर-डाउनमध्ये जाते. मी एकदा बिट वाचण्याच्या लूपमध्ये बरोबर क्लॉक वर असताना थांबलो, परत सोडल्यावर चिप रीसेट होऊन उठली आणि उरलेले बिट कचरा, १० सँपलच्या वेगावर तिला परत जागेवर यायला ४०० मिलिसेकंद लागतात. तो कचरा बघून मी नवा बग समजलो होतो. क्लॉक खाली असलेल्या ओळीवर थांबा, कितीही वेळ थांबा, चिपला काही वाटत नाही.

आता ज्यांचं मॉड्यूल इनिटमध्येच लटकतं त्यांच्यासाठी. तिथं पत्ते वाचायला वेळच मिळत नाही, आणि मॉड्यूल अजून मेमरीत नाही म्हणून ब्रेकपॉइंट लावायला पत्ताही नाही. इथं डू_इनिट_मॉड्यूल हे कर्नलचं फंक्शन धरायचं. हे व्हीएमलिनक्समध्ये आहे, म्हणजे पत्ता पक्का. आणि कर्नल इथं पोचतो तेव्हा मॉड्यूल मांडून झालेलं असतं, रिलोकेशन झालेलं असतं, फक्त इनिटला हाक मारायची बाकी असते. हे फंक्शन कर्नलवाल्यांनी मुद्दाम नोइनलाइन (कंपायलरनं दुसऱ्या फंक्शनात मुरवू नये असं) ठेवलंय, आणि वर कॉमेंटमध्ये लिहिलंय की ब्रेकपॉइंटला भरवशाची जागा मिळावी म्हणून. बाहेरच्या माणसाचा एवढा विचार कोडमध्ये केलेला दिसला की बरं वाटतं. तर एचब्रेक डू_इनिट_मॉड्यूल, मग बोर्डावर इनस्मॉड. थांबला की मॉड->नेम प्रिंट करून आपलंच मॉड्यूल आहे ना ते बघा, कारण यूडेव्ह (डिव्हाइस दिसला की मॉड्यूल लोड करवणारा) मधेच दुसरं कुठलं लोड करत असेल. मग मॉड->इनिट प्रिंट करा, तो तुमच्या इनिट फंक्शनचा खरा पत्ता, तिथं एचब्रेक लावा आणि सोडा. इनिटमधल्या ओळी दिसायला डॉट इनिट डॉट टेक्स्टचा पत्ता पण ॲड-सिंबॉल-फाइलला द्यावा लागतो, इनिटची फंक्शनं डॉट टेक्स्टमध्ये नसतात. आणि इनिट यशस्वी झालं की कर्नल तो भाग सोडून देतो, म्हणून तिथले ब्रेकपॉइंट काम झाल्याबरोबर काढून टाका.

हे सगळं हातानं करायला नको असेल तर कर्नलच्या सोर्समध्येच जीडीबीच्या पायथन स्क्रिप्ट आहेत, २०१५ मधल्या ४.० पासून. कॉन्फिगमध्ये जीडीबी स्क्रिप्ट चालू करायच्या, मेक स्क्रिप्ट्स_जीडीबी करायचं, मग जीडीबीत एलएक्स-सिंबॉल्स म्हटलं आणि केओ फाइलींचा फोल्डर दिला की तो कर्नलमधली मॉड्यूलची यादी स्वतः चालून सगळ्या सेक्शनचे पत्ते घेतो, आणि डू_इनिट_मॉड्यूलवर स्वतःचा ब्रेकपॉइंट ठेवून पुढं येणारी मॉड्यूल पण पकडतो. सहातला एक त्याला जातो. जेटॅगवर यादी चालायला वेळ लागतो, मॉड्यूल वीस-पंचवीस असतील तर चहा घेऊन या. एलएक्स-डीमेसेग पण भारी आहे, बोर्ड मेलेला असताना कर्नलचा लॉग मेमरीतनं थेट वाचून दाखवतो, कन्सोलवर न आलेले प्रिंटके तिथं सापडतात. पण एकदा तरी हातानं करा असं मी म्हणेन, स्क्रिप्ट कधी चुकली तर कुठं चुकली ते कळण्यासाठी. कर्नलच्या आवृत्तीबरोबर स्ट्रक्चर मॉड्यूलच्या आतली नावं बदलतात, कोअर_लेआउट होतं तिथं ६.४ पासून मेम नावाचा ॲरे आला, म्हणून स्क्रिप्ट त्याच सोर्समधली वापरायची, मागच्या प्रोजेक्टची उचलून आणायची नाही.

सिंबॉल बरोबर बसलेत का याची खात्री दोन प्रकारे करा. एक, बिल्ड-आयडी, म्हणजे त्या बिल्डचा ओळख-नंबर. /सिस/मॉड्यूल/गूळकाटा/नोट्स मध्ये लोड झालेल्या मॉड्यूलचा बिल्ड-आयडी असतो, लॅपटॉपवरच्या केओ फाइलीचा रीडएल्फ -एन नं बघा, दोन्ही एक पाहिजेत. कोड बदलून लॅपटॉपवर बिल्ड केला आणि बोर्डावर कॉपी करायचा राहिला की ओळी दोन-तीननं सरकलेल्या दिसतात, थांबलेली ओळ कॉमेंटवर येते, तेव्हा हे आधी तपासा. बोर्डावरची फाइल स्ट्रिप केलेली (डिबगची माहिती काढलेली) असली तरी चालते, लॅपटॉपवरची स्ट्रिप न केलेली पाहिजे, आणि दोन्ही एकाच बिल्डच्या पाहिजेत. दुसरा प्रकार, एखादं फंक्शन जीडीबीत डिसअसेंबल करा आणि ऑब्जडंपनं केओ फाइलीतलं काढून शेजारी ठेवा. सूचना ओळीनं ओळ जुळल्या पाहिजेत, फक्त बाहेरच्या फंक्शनला केलेले कॉल आणि व्हेरिएबलांचे पत्ते वेगळे दिसतील, कारण फाइलीत तिथं पत्ता भरलेला नसतो, मेमरीत भरलेला असतो.

व्हेरिएबल प्रिंट केल्यावर ऑप्टिमाइज्ड आउट येतं ही सगळ्यांची तक्रार. पूर्ण कर्नल ऑप्टिमायझेशन काढून बिल्डच होत नाही, तो नाद सोडा. आपल्या मेकफाइलमध्ये फक्त त्या एका फाइलीपुरतं -ओजी द्या, बरंच दिसायला लागतं. एकदाच वापरलेलं स्टॅटिक फंक्शन कंपायलर आत मुरवून टाकतो आणि मग त्याच्या नावाचा ब्रेकपॉइंट भरवशानं लागत नाही, त्याला तेवढ्यापुरतं नोइनलाइन लावा. काम झालं की दोन्ही काढा.

आरएममॉड करून परत इनस्मॉड केलं की पत्ते परत वाचा. दहापैकी नऊ वेळा तोच पत्ता येतो आणि त्याचीच सवय लागते, दहाव्या वेळी मधे दुसरं मॉड्यूल येऊन बसलेलं असतं. जुने सिंबॉल रिमूव्ह-सिंबॉल-फाइलनं काढा आणि नवीन द्या, दोन्ही राहिले तर एका नावाची दोन फंक्शनं होतात आणि ब्रेकपॉइंट दोन्हीकडं लागून दोन जागा खातो. मी बोर्डावर एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवलीय, सेक्शन्समधल्या सगळ्या फाइली वाचून पूर्ण ॲड-सिंबॉल-फाइलची ओळ कन्सोलवर छापते, ती उचलायची आणि जीडीबीत चिकटवायची. दहा ओळींची स्क्रिप्ट आहे, लिहून घ्या, हातानं हेक्स उतरवताना बी आणि ८ ची गल्लत होतेच.

काटा आता गुऱ्हाळावर आहे, काहिलीच्या वाफेत आणि चुलवाणाच्या धुरात, तिथं लॅपटॉप आणि जेटॅग घेऊन बसता येत नाही. म्हणून बोर्डावर जे मॉड्यूल पाठवलं त्याची स्ट्रिप न केलेली केओ फाइल बिल्ड-आयडीच्या नावानं घरी जपून ठेवलीय, सोबत त्याच बिल्डचं व्हीएमलिनक्स. गेल्या आठवड्यात गुऱ्हाळवाल्या आण्णांनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो पाठवला, ऊप्स (कर्नलनं छापलेली चुकीची नोंद) आलेला, त्यात काटा_आयआरक्यू अधिक काहीतरी हेक्स आणि पुढं कंसात गूळकाटा एवढं दिसत होतं. फोटोत बिल्ड-आयडी नव्हता, पण त्यांच्याकडं कुठला बिल्ड आहे ते वहीत लिहिलेलं, ती केओ फाइल जीडीबीत उघडली, लिस्ट करून तेवढा ऑफसेट दिला आणि ओळ समोर आली. सरासरीचा बफर अजून तयार झालेला नसताना इंटरप्ट आला होता, लाईट जाऊन आल्यावर. आण्णांना म्हटलं तूर्त लाईट आली की मिनिटभर थांबून काटा चालू करा, रविवारी येतो नवीन मॉड्यूल घेऊन.